तुम्ही डावा गुडघा बांधला होता

अहो, परवाच्या गुरुवारी आक्काला मुंबई दाखवून आणली. तुमच्या कागदाप्रमाणे. गाडी चुकली नाही, डबा नासला नाही, आक्काला चक्कर आली नाही आणि आम्ही दोघी कुठे हरवलो नाही. एक चूक तेवढी निघाली. ती तुमची आहे. तीस वर्षांच्या वर चाकणच्या कंपनीत दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आणि तुमची स्वतःची निघाली ती तुम्ही गेल्यावर महिन्याभरानं, दादरच्या पुलावर, भर माणसांत. तुम्ही असतात तर दोन दिवस धड जेवला नसतात.

हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहायला बसले आहे. आपला प्रशांत म्हणतो, "आई, बाबांवर चार ओळी लिही, विहारात वाचून दाखवू." त्याला वाटतं मी जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, असं काहीतरी लिहीन. ते सगळं पुण्यानुमोदनाच्या दिवशी झालं. खूप जण बोलले, चांगलं बोलले. कुणी तुम्हाला शिस्तीचे म्हणालं, कुणी अबोल म्हणालं. अबोल! मी भिंतीला टेकून ऐकत होते. घरात तुमच्या बोलण्यात मला शब्द घालायचा तर कुकरच्या शिट्टीची वाट बघावी लागायची.

तुमच्या मुंबईबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. मला तेच सगळ्यात मोठं वाटतं आणि तेच नेमकं राहून गेलं. दापोडीच्या आपल्या दीड खोलीत परभणीकडचे पाहुणे यायचे ते चार-पाचच्या घोळक्यानं. माझ्याकडचे, तुमच्याकडचे, आणि कधीकधी कुणाकडचे ते आपल्या दोघांनाही नीट ठाऊक नसायचं. पहिला चहा संपायच्या आत सगळ्यांची एकच मागणी, मुंबई दाखवा. पुणं दाखवा असं आजवर एकानंही म्हटलं नाही. पुणं त्यांना येतानाच स्टेशनवर दिसलेलं असायचं. मुंबईत आपलं राहायला कुणी नाही, लॉजचं तर नावच नको, त्यामुळे सकाळच्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. खिशाला झेपेल तेवढ्यात आणि पायांना झेपेल तेवढ्यात. हे सगळं जुळवायचं काम तुमचं.

दुसरा कुणी असता तर चार लोकांना विचारून निघाला असता. तुम्ही आधी एकटे जाऊन यायचात. कंपनीत मशीन लावलं की पहिला एक पीस काढायचा, तो तपासायचा, त्यावर सही करायची आणि मगच पुढचा माल काढायचा. तुमची सगळी नोकरी त्या पहिल्या पीसवर गेली. "पहिला पीस ओके झाल्याशिवाय मी लॉट चालवत नाही," हे घरीही चालायचं. कंपनीची सुट्टी गुरुवारची. म्हणून एका गुरुवारी तुम्ही स्वतःच पहिला पीस होऊन मुंबईला जायचात, आणि पुढच्या गुरुवारी पाहुण्यांचा लॉट. मी कपाळाला हात लावायचे.

"स्वस्तातली सहल म्हणता आणि एकाच्या जागी दोन खेपा करता. हे कसलं स्वस्त?"

"मी चुकलो तर एकटा चुकतो. पाहुणे चुकले तर ते गावाकडं जाऊन जन्मभर सांगतात."

हे मला पटायचं, तरी पुढच्या वेळी मी तोच प्रश्न पुन्हा विचारायचे.

तुमच्या कागदावर बघण्यासारखी ठिकाणं दोन ओळींत संपायची. बाकी पानभर वेगळंच. पाणी कुठे भरून घ्यायचं. दुपारी सावली कुठल्या अंगाला असते. म्हाताऱ्या माणसाला घटकाभर टेकायला जागा कुठे. बायकांची सोय कुठे, आणि ती स्वच्छ आहे की नाही. ही शेवटची गोष्ट तुम्ही तपासता कशी, हे मला पहिली काही वर्षं कळलंच नव्हतं. एकदा तुम्ही अगदी पडेल चेहऱ्यानं परत आलात. काय तर, बाहेर उभं राहून आतून येणाऱ्या एका बाईला तुम्ही अदबीनं विचारलंत, "ताई, आत पाणी येतं का?" आणि त्या ताईनं पोलिसांत देते म्हणून आरडाओरडा करून माणसं गोळा केली. मी इतकी हसले की शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. तरी तुम्ही विचारणं सोडलं नाहीत. फक्त त्यानंतर केस पांढरे झालेल्या बायका बघून विचारायला लागलात. आपल्याकडून मुंबईला जाऊन आलेल्या किती जणी मला सांगायच्या, "वहिनी, दिवसभरात कुठं अवघडल्यासारखं झालं नाही बघा." का झालं नाही ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मला त्याचा फार तोरा होता. तुम्हाला कधी दाखवला नाही एवढंच.

परत आलात, हातपाय धुतलेत, की कागद माझ्यापुढे यायचा. कंपनीत पहिल्या पीसवर एकाची सही चालत नाही, दोघांची लागते. घरी दुसरी सही माझी. बालवाडीत इतकी वर्षं लेकरं सांभाळलेली बाई मी, मला माणसं कधी कंटाळतात, कधी चिडतात, कधी नुसतीच भुकेली असतात ते कळतं. "इथून तिथपर्यंत चालणार नाहीत. जेवणाला उशीर होतोय. राणीच्या बागेनंतर लेकरांना दुसरं काही दाखवू नका, सगळं वाया जातं." तुम्ही वाद घालायचात. मी आवाज चढवायचे. मग तुम्ही गुपचूप खोडून दुरुस्ती करायचात आणि मी लाल पेनानं सही करायचे. आपल्या संसारातली सगळ्यात मजेची भांडणं या कागदांवर झाली असतील.

या सगळ्याच्या मुळाशी काय होतं, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. कंपनीत नुकते लागला होतात आणि मामंजींना मुंबई दाखवायला घेऊन गेला होतात. काही चौकशी न करता, नुसती हौस म्हणून. दुपारी कुठल्याशा मोठ्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसून भाकरी सोडलीत. एक माणूस आला आणि म्हणाला, उठा इथून. मामंजी हातात भाकरी घेऊन उठले. चटणीचं फडकं खाली पडलं, ते त्यांनी वाकून उचललं. मग पुढे कुठेतरी उभ्याउभ्याच दोघं जेवलात. गावाकडे जाऊन मामंजींनी सगळ्यांना सांगितलं की पोरानं झकास मुंबई दाखवली. "त्यांनी तक्रार केली असती तर मी विसरून गेलो असतो," तुम्ही म्हणालात. त्यानंतरच्या तुमच्या प्रत्येक कागदावर पहिली ओळ तीच असायची, डबा उघडल्यावर कुणी उठवणार नाही अशी जागा. ती सापडली की बाकीचा दिवस तिच्या आजूबाजूला बसवायचा.

आता आक्काचं. माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. गावातली अर्धी माणसं चैत्यभूमीला जाऊन आली, आक्का कधी गेली नाही. आधी घरात दुभती जनावरं, मग लेकरं, मग नातवंडं आणि मग गुडघा. डिसेंबरातल्या गर्दीत तर तिला नेणं शक्यच नव्हतं. सत्तरी ओलांडल्यावर एकदा फोनवर मला म्हणाली, "आता न्हाई व्हत गं शकू. फोटुलाच हात जोडते." तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात आणि म्हणालात, "आक्का, मी नेतो तुम्हाला. गर्दी नसताना. माझा शब्द."

शब्द देऊन बसलात आणि मग कळलं काम किती अवघड आहे. आक्काला मोटार लागते, पाच मिनिटांच्या पुढे डोकं बाहेर काढून बसते. लिफ्टमध्ये तिचा जीव घाबरतो. सरकत्या जिन्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "मेले तरी चढणार न्हाई, पायाखालून पळतंय ते." राहिले फक्त तिचे दोन पाय, त्यातला एक कामातून गेलेला. तुम्ही भाच्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलंत, आक्काला अंगणात काठी घेऊन फोनच्या दिशेनं चालायला लावलंत, आणि पाच वेळा चालवून घेतलंत. मला आठवतं, चष्मा कपाळावर सारून तुम्ही ते असं बघत होतात की जणू टेबलावर पीस ठेवलाय.

मग तो गुरुवार. त्याआधी दोन-तीन आठवडे तुम्हाला जिना चढताना दम लागत होता. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या आणि दगदग करू नका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही सकाळी उठून गुडघ्याला पट्टी गुंडाळायला घेतलीत, पाय वाकूच नये इतकी घट्ट. आक्काच्या पायानं पूल चढायचा तर आक्काचा पाय पाहिजे, असं तुमचं म्हणणं. शेजारच्या आजोबांची काठी आदल्या दिवशीच मागून आणली होती.

मी म्हणाले, "माझ्या बहिणीसाठी माझ्या नवऱ्यानं मरायची गरज नाही."

"मरतंय कोण? पूल चढतोय मी."

मी हाच शब्द वापरला होता. मरायची. तुमच्याकडे पाठ करून गॅसपाशी उभी राहिले आणि डबा भरला, भांडी आपटत भरला. एकदाही वळून बघितलं नाही. संध्याकाळी तुम्ही परत आल्यावर कागद पुढे केलात तर मी हात पुढे केला नाही. नंतर बघू म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या कागदाला दुसरी सही मिळाली नाही. बारा दिवसांनी सकाळी चहाचा कप हातात असतानाच तुम्ही खुर्चीत कलंडलात, आणि आमची सगळी धावपळ होईपर्यंत संपलंही होतं.

डॉक्टर म्हणाले त्या मुंबईच्या फेरीचा आणि याचा संबंध जोडू नका, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. मी मान हलवली. पण मनात एकच चाललं होतं, की मी त्या दिवशी दारात आडवी का पडले नाही. नुसतं तोंड वाजवलं आणि शेवटी डबा तर भरूनच दिला.

आक्का आली ती तुमच्या मातीलाच. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर आक्कानं गाठोडं बांधलेलं. मी म्हणाले, राहा, आपल्याला मुंबईला जायचंय. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला न्हाई बघायची मुंबई. माज्या गुडघ्यापायी माणूस गेला."

अहो, जे मी पंधरा दिवस कुणाला बोलून दाखवलं नव्हतं ते तिच्या तोंडून ऐकलं आणि मला इतका राग आला. तिचा आला, माझा आला, तुमचा तर आलाच आला. मी म्हणाले, "आक्का, ते फुटक्या दमानं, पाय बांधून तुझ्यासाठी तो पूल चढले-उतरले. आता तू गाठोडं घेऊन परत चाललीस तर ते गेले कशासाठी होते? सांग मला. फिरायला?" आक्कानं गाठोडं सोडलं आणि आतून पांढरं लुगडं काढून प्रशांतच्या बायकोला इस्त्रीला दिलं. गुडघा जरा शांत होऊ दे म्हणून आणखी पंधरा दिवस थांबलो.

प्रशांत म्हणाला मी रजा टाकतो. मी नको म्हणाले. आम्ही दोघीच जाणार होतो. तुमचा कागद मी तेव्हा पहिल्यांदा उघडला. चौकटीचं पान, निळी शाई, उभ्या रेघा मारलेल्या. कुठल्या डब्यापाशी उभं राहिलं म्हणजे पुलाचा जिना समोर येतो. किती पायऱ्यांनंतर सपाट जागा येते आणि तिथे बाजूला कसं थांबायचं, म्हणजे मागच्यांचा धक्का लागणार नाही. टॅक्सी थोडाच वेळ आहे, काच उघडी ठेवावी, आक्कांना पुढे बसवावं. एका ओळीपाशी मी फार वेळ थांबले. "आक्का दमल्या असं म्हणणार नाहीत. त्यांना विचारू नये. आपण दमलो म्हणावं आणि बसावं." खाली दोन सह्यांच्या जागा. एक भरलेली. मी लगेच सही केली नाही. म्हटलं, आधी तपासते.

आणि बरं झालं तपासलं. दादरला उतरलो. डबा बरोबर, जिना बरोबर समोर. कागदावर लिहिलेलं, "डावीकडचा कठडा धरून सावकाश चढावं." मी आक्काला डावीकडे घेतलं. आक्का चार पायऱ्या चढली आणि थांबली. तोंड कसनुसं झालेलं. "शकू, मला धरायलाच येईना गं." मी म्हणाले, धर की, कठडा आहे ना इथे. तिची काठी डाव्या हातात. कठडाही डावीकडे. आणि दुखरा पाय उजवा, त्या बाजूला धरायला काहीच नाही. मी तिच्या पायाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत पायाकडे बघितलं. मागून माणसं येत होती, आमच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत होती.

तुम्ही डावा गुडघा बांधला होता.

आक्का फोनच्या दिशेनं चालत येत होती. तिचा उजवा पाय तुम्हाला फोनमध्ये डाव्या हाताला दिसला आणि तुम्ही तो डावा धरलात. अहो, तुम्ही! मोटारीचे डाव्या अंगाचे आणि उजव्या अंगाचे पार्ट दिसायला सारखेच असतात, नवी पोरं एकाच्या पेटीत दुसरे टाकतात, आणि आपण नुसता हातात घेऊन सांगतो, हे किती जणांना ऐकवलंत. निरोपाच्या दिवशी तुमच्या साहेबांनीही तेच सांगितलं होतं, वाघमारेंनी डावं-उजवं कधी चुकवलं नाही म्हणून. आणि घरच्या माणसाच्या पायाला चुकलात.

मी त्या पायरीवर उभी राहून हसायला लागले. आक्का घाबरली, तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मग हसता हसता मला रडू फुटलं, कारण ती चूक मी एका नजरेत पकडली असती. मी तुमच्याकडे वळून एकदा बघितलं असतं, पट्टी कुठल्या गुडघ्याला बांधताय एवढं जरी बघितलं असतं, तर म्हणाले असते, अहो, आक्काचा उजवा दुखतो. दुसरी सही त्याच्यासाठीच असते ना. चूक तुमची आणि ती सुटली माझ्या हातून. तेव्हा अर्धी माझी धरा.

एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "काकू, काय झालं, बरं वाटत नाही का?" मी म्हणाले, "काही नाही गं बाई, आम्हाला फक्त त्या बाजूला जायचंय." तिनं हात आडवा करून माणसांना थांबवलं. आम्ही दोघी जिन्याच्या या कडेवरून त्या कडेला गेलो, उलट्या दिशेनं उतरणाऱ्यांच्या मधून, आणि लोकांनी जागा दिली. आक्कानं उजव्या हातानं कठडा धरला आणि म्हणाली, "आता कसं, आता माजा पाय झाला." पुढचं सगळं मी मनात उलटं करत गेले. डावीकडे लिहिलंय तिथे उजवीकडे. बाकी तुमच्या कागदात केसाएवढाही फरक निघाला नाही. थांबायच्या जागा, पायऱ्या, पाणी, सावली, सगळं जागच्या जागी.

चैत्यभूमीला माणसं थोडीच होती. आक्काला गुडघे टेकता येत नाहीत, म्हणून ती उभ्यानंच पुढे झाली, दोन्ही हात टेकवले आणि कपाळ टेकवलं. मी घाई केली नाही. मागे उभ्या असलेल्या बाईनंही केली नाही. आक्का मागे फिरली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, इतका तो लहान मुलीसारखा झाला होता. तिला मी तसं कधीच बघितलेलं नाही. मी जन्मले तेव्हापासून ती मोठीच होती.

मग मी म्हणाले, "आक्का, मी दमले." कागदात लिहिलं होतं तसं. आणि समुद्राकडच्या कट्ट्यावर झाडाखाली आम्ही बसलो. डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. कुणी काही बोललं नाही. एक माळी खराटा घेऊन जवळ आला, मला उगाच धसका बसला, पण तो आमच्या पायांपाशी न झाडता वळसा घालून गेला. दुपारी गेटवे बघायचं असं कागदात होतं. आक्का म्हणाली, "राहू दे ते. हितंच बसू." म्हणून आम्ही संध्याकाळच्या गाडीच्या वेळेपर्यंत तिथेच बसून राहिलो. तुमची अर्धी मुंबई अशी वाया गेली. रागावू नका.

पाणी ओसरत गेलं तेव्हा आक्का एकाएकी म्हणाली, "दाजींचा फोन आल्ता मला. त्या दिवशी. हितूनच."

एवढे दिवस तिनं हे पोटात ठेवलं होतं.

"मी म्हणले, दाजी, समुद्र दाखवा की फोनात. तर म्हणले, न्हाई दाखवणार, फोनात बघितला तर तुम्ही यायच्या न्हाईत. मी म्हणले, मला न्हाई जमायचं. तर म्हणले, आक्का, मी तुमच्या पायानं येऊन बघितलंय. जमतंय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? त्यांला दम लागत हुता बोलताना. तुला म्हणले असते तर तू जलमभर तेच धरून बसली असतीस."

"लागला होता का फार?"

"लागला हुता. खोटं कशाला बोलू. पर हसत हुते गं. येवढे खूश मी त्यांला कधी ऐकले न्हाई. तुज्याबद्दल बी बोलले. म्हणले, ती घरी रागावून बसलीया, पर भरीत लई चांगलं केलंय."

मी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. आक्काच म्हणाली, "आन शकू, माज्या पायानं कुठं आले हुते? त्यांच्याच पायानं आले हुते की." आणि मग आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या कट्ट्यावर हसून हसून डोळे पुसत बसलो. तुमच्या त्या दम लागण्यापायी आम्ही दोघींनी आपापल्या जिवाला लावून घेतलं होतं, ते त्या दिवशी तिथं हलकं झालं. पूर्ण गेलं असं मी म्हणत नाही.

परतीच्या गाडीत आक्का झोपली आणि मी तुमच्या कागदावर लाल पेनानं सही केली. डावं खोडून उजवं केलं, आणि सही केली. मग मला तुमची त्या दिवशीची संध्याकाळ आठवत राहिली. तुम्ही दारात उभे होतात, काठी भिंतीला टेकवलेली, वाकून पट्टी सोडत होतात. मी आतूनच म्हणाले होते, "झाली का हौस?" तुम्ही मान वर केलीत आणि हसलात. मला वाटलं ओशाळून हसताय. इतके दिवस मी तुमचा तो चेहरा तसाच धरून ठेवला होता, शरमलेला, दमलेला, माझं बोलणं ऐकून घेणारा. आक्कानं सांगितल्यावर तो मला आता नीट दिसतो. मी तुम्हाला साधा प्रश्न विचारला होता आणि तुम्ही त्याचं खरं उत्तर देत होतात. हो म्हणत होतात.

शेजाऱ्यांना, आक्काच्या गावाला, प्रशांतच्या सासरच्यांना, सगळ्यांना मी सांगत सुटले आहे की माझा नवरा काय माणूस होता. फक्त तुमच्या तोंडावर कधी सांगितलं नाही. तेव्हा भांडायलाच वेळ पुरायचा नाही. तर आता ऐका, मध्ये बोलू नका. मला तुमचा फार अभिमान वाटायचा. प्रत्येक गुरुवारी, तुम्ही एकटे पिशवी घेऊन दाराबाहेर पडायचात तेव्हा, मी वर तोंड करून ओरडत असायचे तेव्हासुद्धा.